निर्वातातील भीती

काचेच्या हंडीत विजेची घंटा ठेवून पंपाने हवा उपसू लागलो, की आवाज मंदावत जातो. हातोडी मात्र हलताना दिसतच असते. वर्गातला हा प्रयोग तुम्हाला ठाऊक आहेच. तोच ‘डेड स्पेस’ (२००८) या व्हिडिओ गेममध्ये पुन्हा भेटतो.

कॅलिफोर्नियात ग्लेन स्कोफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ‘रेसिडेंट इव्हिल ४’ (२००५) या खेळातला थरार अवकाशात न्यायचा होता. नायक सैनिक नव्हे, अभियंता. त्याची हत्यारे म्हणजे बहुतेक खाणकामाची अवजारे! नाव आयझॅक क्लार्क. यात आयझॅक आसिमॉव्ह आणि आर्थर क्लार्क हे दोन्ही विज्ञानकथालेखक आले.

अवकाशातले स्फोट चित्रपटांत सर्रास गडगडतात. इथे निर्वातात शिरताच बाहेरचे आवाज दबतात आणि ऐकू येतो तो नायकाचा श्वास, कारण पोशाखात हवा आहे. बाहेरची कंपने पोचलीच तर बुटांतून, पोशाखाच्या घन भागांतून. मागून येणाऱ्या राक्षसाची चाहूल जवळजवळ लागत नाही. (निर्वातात राक्षस जगतात कसे, हे मात्र विचारू नका.)

आता सांगा, हंडीतली घंटा टांगून न ठेवता थेट तळावर ठेवली तर काय ऐकू येईल? शिक्षकांच्या मदतीने करून पाहा.