दुपारच्या पोळीचा हट्ट सोडा

मीरा-भाईंदरमध्ये घरी राहून मूल सांभाळणारी आई दुपारचा स्वयंपाक एकटी करते, असं वरवर वाटतं. खरं तर तिच्यामागे अख्खी गल्ली उभी असते. इमारतीखालच्या पोळीभाजी केंद्रातून पोळ्या येतात. वसईकडून टोपली घेऊन येणारी भाजीवाली मेथीची जुडी आणि मोड आलेली मटकी देते. एका फोनवर वाणी अर्धा किलो रवा वर पाठवतो. फोडणी होईपर्यंत बाळाला कडेवर घ्यायला शेजारच्या काकू असतात. भाईंदर, मीरा रोड, काशीमिरा, उत्तन अशा वस्त्या मिळून झालेल्या या शहराला २००२ साली महानगरपालिका मिळाली. गिरगाव-परळच्या चाळींतून, कोकणातून, घाटावरून आलेल्या कुटुंबांनी इथे संसार मांडले आणि हा शेजारही जमवला.

आता त्याच इमारतींतली मुलं न्यू जर्सी, टोरांटो, लंडन, म्युनिक, दुबई, सिडनी अशी पांगली आहेत. तिथल्या पहिल्याच सोमवारी ही मागची फळी नाहीशी झालेली असते. जोडीदार सकाळी कामावर जातो, मोठं मूल शाळेत जातं आणि दीड-दोन वर्षांच्या धाकट्यासोबत घरी एकच माणूस उरतं. अमेरिकेत एच-४ व्हिसावर गेलेल्या जोडीदाराला नोकरीची परवानगी मिळण्याची सोय मे २०१५ पासून झाली, तीही मुख्य व्हिसाधारकाची ग्रीन कार्डाची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत पोहोचलेली असेल तरच. त्यामुळे सुरुवातीची काही वर्षं बहुतेकींची घरातच जातात. बायकोला नर्सिंगमधली किंवा आयटीतली नोकरी मिळाली आणि नवरा घरी राहिला, अशीही घरं आहेत. पुढचं सगळं त्या बाबांनाही तितकंच लागू आहे.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये विचारा की लंडनच्या हॅरोमध्ये, तिथे रुळलेल्या मराठी कुटुंबांच्या पाककृती वेगवेगळ्या निघतात. कुणी विदर्भातलं, कुणी मालवणचं, कुणी उत्तनचं. एका सल्ल्यावर मात्र त्यांचं एकमत होतं: दुपारी पोळ्या लाटू नका.

हा सल्ला नव्याने आलेल्यांना पचत नाही. पोळी-भाजीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही, हे खरंच आहे. पण पोळी अर्धा तास दोन्ही हात मागते. कणीक भिजवायची, लाटायची आणि तापलेल्या तव्यापाशी उभं राहायचं. रांगणारं मूल तेवढ्यात ओव्हनच्या दारापर्यंत पोहोचतं. धरायला दुसरं कुणी नाही. म्हणून पोळ्या संध्याकाळी, दोघं मोठे घरात असताना कराव्यात आणि दुपार भात, भाजणी, धिरडी, पोहे यांच्यावर काढावी. हे सगळं एका हाताने ढवळता येतं आणि मध्येच गॅस बंद करून पाच मिनिटांनी परत सुरू केलं तरी बिघडत नाही. घरी एकट्या असलेल्या माणसाच्या स्वयंपाकाची हीच खरी कसोटी आहे.

रात्रीच्या पोळ्या मुद्दाम चार जास्त कराव्यात. दुसऱ्या दिवशी त्यांची फोडणीची पोळी होते. पोळ्या मिक्सरमधून जाडसर फिरवून घ्यायच्या. कांदा, मोहरी, हिंग, हळद, थोडी साखर, वरून लिंबू. दहा मिनिटांत ताट तयार. मुलाचा वाटा मिरची-तिखट घालण्याआधी बाजूला काढला की दोघांसाठी दोन स्वयंपाक करावे लागत नाहीत. सोबत घट्ट दह्यातली काकडीची कोशिंबीर. परदेशी दुकानांतलं ‘ग्रीक योगर्ट’ नावाचं दही चक्क्यासारखं घट्ट असतं. कोशिंबिरीला ते उत्तम, पण कढीसाठी त्यात बरंच पाणी घालावं लागतं.

भाताच्या बाबतीत एक अडचण बहुतेकांना येते. आंबेमोहोर किंवा इंद्रायणी सगळीकडे मिळत नाही आणि बासमतीचा मऊ भात होत नाही. त्यावर जुन्या मंडळींचा तोडगा असा: सुपरमार्केटमधला आखूड दाण्याचा, सुशीसाठी विकला जाणारा तांदूळ घ्यावा. मेतकूट-भाताला लागतो तसा चिकटपणा त्यात असतो. अमेरिकेत ‘कॅलरोज’ नावाचा तांदूळही या कामी येतो. एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, चार-साडेचार वाट्या पाणी, हळद, मीठ आणि चमचाभर तूप असं विजेवरच्या प्रेशर कुकरमध्ये घालून दहा-बारा मिनिटं लावलं की मऊ खिचडी होते. २०१० साली कॅनडात तयार झालेला ‘इन्स्टंट पॉट’ भारतीय घरांत रुजला तो याच गुणामुळे. त्याला शिट्ट्या नसतात, मिनिटं लावायची असतात आणि शिजल्यावर तो आपोआप बंद होतो. खिचडी शिजेपर्यंत मुलाची आंघोळ उरकते.

उरलेला भात मात्र भाईंदरच्या सवयीप्रमाणे दुपारपासून रात्रीपर्यंत ओट्यावर ठेवू नये. शिजलेल्या भातात वाढणारा जिवाणू पोट बिघडवतो आणि पुन्हा गरम केल्याने त्याचं विष जात नाही. भात तासाभरात गार करून फ्रिजमध्ये ठेवावा आणि २४ तासांच्या आत संपवावा, असा ब्रिटनच्या अन्न मानक संस्थेचा सल्ला आहे. फोडणीचा भात करायचा तर एवढा नियम पाळून खुशाल करावा.

परदेशातल्या दुपारींचा खरा आधार म्हणजे भाजणी. आपल्या आज्यांनी हे पीठ अशाच घाईसाठी करून ठेवलं असावं असं वाटतं. तांदूळ, ज्वारी, बाजरी, गहू, हरभराडाळ, उडीद, धणे, जिरे हे सगळं वेगवेगळं भाजून दळलेलं असल्याने अर्धी मेहनत आधीच झालेली असते. धान्य आणि डाळी एकत्र असल्यामुळे एकट्या थालीपिठातही पोटभर जेवण होतं. कांदा, कोथिंबीर, किसलेलं गाजर किंवा दुधी घालून पीठ भिजवायचं, बटर पेपरवर थापायचं, तव्यावर उलटायचं आणि मध्ये भोकं पाडून तेल सोडायचं. झाकण ठेवलं की पाच-सहा मिनिटं उभं राहायची गरज नाही. मुलासाठी तळहाताएवढी छोटी थालीपिठं थापली तर ती हातात धरून खाता येतात. तेच पीठ थोडं सैल भिजवलं की धिरडी. भाजणी संपली तर बेसन आणि रवा समप्रमाणात घेऊन, त्यात दही घालून घावन होतात. तेही नसेल तर पिठलं-भात आहेच, तो पंधरा मिनिटांत होतो.

उत्तन, डोंगरी, पाली या बाजूची कोळी आणि ईस्ट इंडियन घरं आणखी एक गोष्ट बरोबर नेतात: उन्हाळ्यात भाजून-कुटून ठेवलेला वर्षाचा मसाला. ईस्ट इंडियन घरांतला बॉटल मसाला चमचाभर घातला की उकडलेली अंडी, बटाटा किंवा फ्रोझन मटार यांचं कालवण वीस मिनिटांत होतं. वेगळं वाटण लागत नाही. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवांवर वाळणारे बोंबीलही अनेकांच्या मनात असतात. युरोपीय संघाच्या नियमांत माशांना मांसापेक्षा सवलत आहे, प्रवाशाला २० किलोपर्यंत स्वतःपुरते मासे नेता येतात. प्रश्न वासाचा असतो. बंद खिडक्यांच्या भाड्याच्या घरात सुकट भाजणं अवघड जातं, म्हणून निघण्याआधी घरीच भाजून, लसूण-खोबरं न घालता कोरडी चटणी करून दोन पिशव्यांत घट्ट बांधून न्यावी. खोबरं तिथे गेल्यावर घालता येतं. भारतीय दुकानांत खवलेला नारळ गोठवलेला मिळतो.

फोडणीचं काय करायचं, हा प्रश्न गमतीचा वाटला तरी त्याने इमारत रिकामी करण्याची वेळ येते. अमेरिकेतल्या बऱ्याच अपार्टमेंटांत चुलीवरचा पंखा धूर बाहेर टाकत नाही, जाळीतून गाळून हवा परत खोलीतच सोडतो. मिरची तडतडली की धुराचा भोंगा वाजतो. भोंग्याची बॅटरी काढून ठेवणं धोक्याचं आहे आणि घरमालकाशी झालेल्या करारातही ते बसत नाही. जुनी कुटुंबं रविवारी खिडक्या उघडून, मंद आचेवर आठवड्याची फोडणी एकदाच करून बाटलीत भरतात आणि फ्रिजमध्ये ठेवतात. तेल, मोहरी, जिरे, हिंग, हळद, बस. लसूण मात्र त्यात घालू नये. तेलात बुडवून ठेवलेल्या लसणीत बोट्युलिझम हा जिवावर बेतणारा विकार करणारे जंतू वाढू शकतात. कढीपत्ता दिसला की जास्तीचा घेऊन गोठवावा, वाळवला तर वास उडतो.

रविवारच्या या तासाभरात कांदे चिरून होतात, आलं-मिरचीचं वाटण बर्फाच्या साच्यात जातं, मटकी भिजत पडते. जर्मनीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तिथे रविवारी दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारीच हवी. तिथलं भाड्याचं घर पुष्कळदा स्वयंपाकघराच्या सामानाशिवाय मिळतं. ओटा आणि शेगडीसुद्धा आधीच्या भाडेकरूने नेलेली असते. घर ठरवताना हे विचारूनच घ्यावं.

भांड्यांच्या बाबतीत दोन चुका फार होतात. इंडक्शन शेगडीवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही, तिला लोहचुंबक चिकटेल अशा बुडाचं भांडं लागतं. निघण्याआधी कुकरला लोहचुंबक लावून पाहावा. दुसरी चूक मिक्सरची. भारतात वीज २३० व्होल्टची, अमेरिका-कॅनडात १२० व्होल्टची. घरचा मिक्सर तिथे नेऊन उपयोग नाही. तिथल्या विजेवर चालणारे भारतीय मिक्सर भारतीय दुकानांत मिळतात. ब्रिटन, युरोप आणि आखातात मात्र तो प्लग बदलून चालतो.

सामानाच्या बॅगेवरून सर्वांत जास्त मनस्ताप होतो. भाईंदरच्या बाजारातून आईने प्रेमाने भरून दिलेलं निम्मं सामान विमानतळावर कचऱ्यात जाऊ शकतं. खाप्रा नावाच्या किड्याच्या भीतीने अमेरिका भारतातून येणाऱ्या प्रवाशांच्या बॅगेतला तांदूळ घेत नाही. ऑस्ट्रेलियाने याच कारणाने २०२० पासून तांदूळ, हरभरे, मूग, मसूर, शेंगदाणे, धणे, जिरे, सुक्या मिरच्या असं बरंच काही प्रवाशांच्या सामानातून आणायला बंदी केली. हे सगळं तिथल्या दुकानांत मिळतं, न्यायची गरजच नाही. युरोपीय संघात आणि ब्रिटनमध्ये भारतातून मांसाचे आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे आणि साजूक तूपही नाही. दुबई आणि सिंगापूरला जाणाऱ्यांनी खसखशीचा कणही नेऊ नये; तिथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात सापडते. गोडा मसाला आणि बॉटल मसाला दोन्हींत ती पुष्कळदा असते, म्हणून या देशांसाठी मसाला तिच्याशिवायच करून घ्यावा. बाकी जे नेलं असेल ते उतरताना फॉर्मवर लिहावं. लिहिलं तर फार तर वस्तू ठेवून घेतात, लपवलं तर दंड होतो.

मोठ्या मुलाच्या शाळेच्या डब्याचा विचारही निघण्याआधीच करावा. अमेरिका-कॅनडातल्या बऱ्याच शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाणे चालत नाहीत, म्हणजे साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याच्या कुटाची कोशिंबीर घरीच. इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०१४ पासून सरकारी शाळांतल्या पहिल्या तीन इयत्तांच्या मुलांना दुपारचं जेवण मोफत आहे आणि शाकाहारी पर्याय मागता येतो.

पाककृती आईकडून फोनवर विचारू, असंही अनेकांच्या डोक्यात असतं. लंडनच्या दुपारी बाराला भाईंदरमध्ये संध्याकाळ असते, तिथून ते जमतं. न्यू जर्सीत उन्हाळ्यात दुपारचे बारा म्हणजे इथे रात्रीचे साडेनऊ, कॅलिफोर्नियात बारा म्हणजे इथे मध्यरात्र उलटलेली. भाजणीचं आणि मेतकुटाचं प्रमाण वहीत उतरवून न्यावं.

आणि ज्यांनी हे सगळं पार केलं आहे त्यांच्या बोलण्यात एक तक्रार फिरून फिरून येते: मुलाला भरवलं, पण स्वतः जेवलेच नाही. मुलाच्या ताटलीतले उरलेले चार घास, उभ्याने खाल्लेला पाव, चारला चहा-बिस्किट, आणि संध्याकाळी डोकं उठलेलं. एकच पदार्थ दोघांसाठी करण्याचा आग्रह याचसाठी आहे. ताटं दोन वाढावीत, एकाच वेळी, आणि मुलासमोर बसून जेवावं. मोठ्या माणसाला खाताना पाहून मूलही जास्त खातं, हा त्यांच्यापैकी अनेकांचा अनुभव आहे.

पहिल्या महिन्यातच जवळच्या महाराष्ट्र मंडळात नाव नोंदवावं. लंडनचं मंडळ १९३२ पासून आहे, उत्तर अमेरिकेतल्या मंडळांना जोडणारं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून. गावात घरगुती भाजणी कोण करून देतं, ताजा कढीपत्ता कोणत्या दुकानात कोणत्या वारी येतो, हे तिथेच कळतं. तोवरच्या आठवड्यांसाठी एक किलो भाजणी, पाव किलो मेतकूट आणि मसाल्याची एक बाटली पुरते. अमेरिकेला जाताना ही पिठं हातातल्या बॅगेत ठेवू नयेत. ३५० मिलिलीटरहून जास्त पूड असेल तर २०१८ पासून तिची वेगळी तपासणी होते आणि ती काढूनही घेतली जाऊ शकते. मोठ्या बॅगेत, तळाशी, दुहेरी पिशवीत ठेवा आणि वर नाव लिहा.