विमानाचा खोळंबा

आगगाडी उशिरा आली तर आपल्याला नवल वाटत नाही. एसटी चुकली तर आपण फाट्यावर झाडाखाली बसून दुसऱ्या गाडीची वाट बघतो. पण विमान उशिरा सुटणार म्हटले की माणूस घाबरतो. एवढे पैसे मोजले, आता घरी कधी पोचायचे? हे लोक आपल्याला इथेच टाकून जाणार की काय? आम्हांलाही तसेच झाले होते.

आम्ही खेड तालुक्यातली सहा माणसे. चार गडी आणि दोन बाया. आमची भिशी आहे. तीन वर्षे पैसे साठवले आणि जानेवारीत दिल्ली, आग्रा, मथुरा बघायला निघालो. जाताना आगगाडीने गेलो. येताना विमानाने यायचे, असा तात्यांचा हट्ट. “ढग खालून पुष्कळ बघितले, आता एकदा वरून बघू द्या,” असे ते म्हणत.

तात्यांना मधुमेह आहे. आपण त्याला साखरेचा आजार म्हणतो. सकाळी आणि रात्री जेवणाआधी ते इन्सुलिनची सुई घेतात. ती चुकवून चालत नाही. सुई घेतल्यावर जेवण चुकवूनही चालत नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

दिल्लीहून पुण्याचे विमान सकाळी साडेदहाचे होते. आम्ही आठलाच विमानतळावर पोचलो. बाहेर धुके इतके, की पुढच्या मोटारीचा मागचा दिवा तेवढा दिसे. आत मोठ्या पिशव्या तोलून घेतात. त्या विमानाच्या पोटात जातात आणि पुण्याला उतरल्यावरच आपल्या हाती येतात. तात्यांनी औषधाचा डबा मोठ्या पिशवीत खाली घातला होता. आक्का आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या. त्यांनी विचारले, “तात्या, सुई कुठं ठेवलीत?”

“आहे की, खाली.”

“आधी काढा ती. रात्री पिशवी नाही मिळाली तर काय कराल?”

मागे रांग खोळंबली. लोक कुरकुरले. पण आक्कांनी पिशवी सोडायला लावली आणि डबा बाहेर काढला. त्यांचे बरोबरच होते. विमानाच्या पोटात थंडी फार होऊ शकते, आणि इन्सुलिन एकदा गोठले की ते वाया जाते. औषध नेहमी हातातल्या पिशवीत ठेवावे. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी असावी. तपासणीच्या जागी शिपायाने डबा उघडून बघितला, चिठ्ठी वाचली आणि जाऊ दिले.

आत गेलो आणि फलकाकडे बघितले. आपल्या तिकिटावर विमानाचा क्रमांक असतो, तोच फलकावर शोधायचा. बापूंनी तो शोधला. साडेदहाच्या जागी साडेबारा लिहिले होते. थोड्या वेळाने त्याचे सव्वा झाले, मग दोन. दर वेळी पोटात गोळा येई. एकदम दोन लिहिले असते तर बरे झाले असते, असे आमचे मत.

आता हे धुके विमान कसे अडवते ते बघू. थंडीत आभाळ निरभ्र असले की रात्री जमीन लवकर निवते. तिला लागून असलेली हवाही निवते. हवेतल्या वाफेचे बारीक बारीक थेंब होतात आणि ते जमिनीलगत तरंगत राहतात. तेच धुके. आपल्याकडे नदीकाठच्या शेतात पहाटे ते दिसते आणि ऊन आले की जाते. गंगा-यमुनेचा मुलूख सपाट, दमट. तिथे पौषात वारा पडलेला असतो. वर धूळ आणि धूरही मिसळतो. म्हणून धुके दाट होते आणि उशिरापर्यंत हलत नाही. 50 मीटरच्याही आतलेच दिसू लागले की हवामान खाते त्याला अति दाट धुके म्हणते. 50 मीटर म्हणजे शंभर हातांच्या थोडे वर.

तुम्ही म्हणाल, विमानात यंत्रे असतात, त्यांना डोळे कशाला हवेत? यंत्रे असतात हे खरे. दिल्लीच्या धावपट्टीजवळून बिनतारी लहरी सुटतात आणि त्यांच्या वाटेने विमान खाली येते. समोर 50 मीटर दिसले तरी ते उतरू शकते. पण त्याला तीन गोष्टी लागतात. विमानतळावर तशी यंत्रे हवीत, विमानात हवीत आणि वैमानिक त्या कामात तयार झालेला हवा. यांतली एक जरी नसली तरी विमान उतरत नाही. ते जयपूरला नाहीतर दुसरीकडे जाते. उडताना तर जास्त दिसावे लागते. 125 मीटर तरी दिसले पाहिजे. शिवाय धुक्यात दोन विमानांमध्ये अंतर वाढवतात. मग तासाला जेवढी सुटायची तेवढी सुटत नाहीत.

बापूंना हे पटेना. साडेअकरापर्यंत बाहेर ऊन पडले होते. ते म्हणाले, “आता कुठाय धुकं? हे लोक थापा मारतात.”

थापा नव्हत्या. आपल्या गावची मुक्कामाची एसटी आठवा. ती पहाटे तासभर उशिरा निघाली तर तालुक्याला उशिरा पोचते. तीच गाडी पुढे पुण्याला जायची असते, तीही उशिरा जाते. संध्याकाळपर्यंत त्या गाडीच्या सगळ्या फेऱ्या चुकतात. विमानाचे तसेच आहे. एकच विमान दिवसात चार-पाच गावे करते. आमचे विमान सकाळी दुसऱ्या शहराहून दिल्लीला यायचे होते आणि ते तिथेच धुक्यासाठी थांबून राहिले होते. वैमानिकाच्या कामाचे तासही ठरलेले असतात. तास भरले तर दुसरा वैमानिक आणावा लागतो. त्यात आणखी वेळ जातो. पण झोप आलेल्या माणसाने विमान चालवण्यापेक्षा आपण बसून राहिलेले बरे.

काही उतारू खिडकीवरच्या मुलीला ओरडत होते. तिने काही धुके पाडले नव्हते. आक्का गर्दी ओसरेपर्यंत थांबल्या. मग त्यांनी साध्या शब्दांत विचारले, “दोन तासांच्या वर उशीर झाला. खायला कधी देणार?” मुलगी म्हणाली, तिकिटे दाखवा. आम्हां सहाजणांना पुलावाची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या मिळाल्या. पलीकडे एक म्हातारे जोडपे सकाळपासून उपाशी बसले होते. त्यांनी विचारलेच नव्हते. आम्ही सांगितल्यावर त्यांनाही मिळाले.

हा उपकार नव्हे. नागरी विमान वाहतुकीच्या महासंचालनालयाचे तसे नियम आहेत. ते 2010 साली लागू झाले आणि पुढे त्यांत सुधारणा झाल्या. दिल्ली-पुण्यासारख्या, दोन-सव्वादोन तासांच्या प्रवासाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणेपिणे द्यावे लागते. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरे विमान घ्यावे की तिकिटाचे सगळे पैसे परत घ्यावेत, हे आपण ठरवायचे. रात्री आठ ते पहाटे तीनच्या मधले विमान सहा तासांहून जास्त लांबले, तर राहायची सोय करावी लागते. मात्र धुके, वादळ यांसाठी नुकसानभरपाईचे रोख पैसे मागता येत नाहीत. त्यावर भांडण्यात वेळ घालवू नये.

तात्यांनी आपले पाकीट उघडलेच नाही. “विमानात बसून खाईन,” म्हणाले. तेवढ्यात बोलावणे आले. गडबडीत पाकीट पिशवीत गेले आणि पिशवी डोक्यावरच्या फळीवर. सव्वादोनला आम्ही आत बसलो, पट्टे बांधले. विमान जागेवरून हलले आणि थोडे पुढे जाऊन थांबले. पुढे विमानांची रांग होती. अर्धा तास झाला. उठायला मनाई होती.

तात्यांना घाम फुटला. हात कापू लागले. आक्कांनी काही विचारले तर भलतेच उत्तर दिले. आम्हांला वाटले, पहिल्यांदा विमानात बसले म्हणून भ्याले. आक्का म्हणाल्या, “हे भ्यायचं नाही. साखर उतरलीय.” सकाळी सातला सुई घेतली होती आणि पोटात दोन पावांशिवाय काही नव्हते. डोक्यावर माणसाचे चित्र असलेली कळ असते. ती दाबली की हवाई सेविका येते. ती लगेच आली. आक्कांनी मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितले. तिने साखरेच्या पुड्या आणि पाणी आणले. तीन चमचे साखर पाण्यात घालून तात्यांना पाजली. माणूस शुद्धीवर असेल तरच असे पाजावे. शुद्ध गेली असेल तर तोंडात काही घालू नये, श्वासनलिकेत जाते. तशा वेळी डॉक्टरच बोलवावा.

पंधरा मिनिटे आम्ही तात्यांच्या तोंडाकडे बघत होतो. हळूहळू घाम थांबला. “काय झालं?” असे त्यांनी विचारले, तेव्हा बापूंच्या डोळ्यांत पाणी आले. सेविकेने फळीवरचे पाकीट काढून दिले आणि तात्यांनी तो गार पुलाव शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. खाणे संपते न संपते तोच विमान उडाले.

ढग त्यांनी वरून बघितले. “कापूस पिंजून ठेवल्यागत दिसतंय,” एवढेच बोलले.

साडेपाचला पुण्यात उतरलो. पिशव्या मिळायला आणखी अर्धा तास गेला. तिथून जीप केली. वाटेत चाकणला वाहने तुंबलेली, तो खोळंबा वेगळाच. रात्री साडेआठला घरी पोचलो. तात्यांच्या सुनेने ताट वाढायला घेतले. तात्यांनी हातातल्या पिशवीतून डबा काढला, सुई घेतली आणि मग जेवायला बसले.