आखूड ओ, लांब ओ

१. ऐकू येणं निराळं आणि वेगवेगळं ऐकू येणं निराळं. नोकरीनिमित्त लाल कंधारी गाईंच्या मुलखातून देवणी गाईंच्या मुलखात, उदगीरकडं आलो. जनावरांच्या दवाखान्यात बिदरकडचे लोक कानडी बोलत. ‘कोडु’मधला ओ आखूड ठेवला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. मला दोन्ही सारखंच ऐकू येई. मराठीत ओ लांबवल्यानं अर्थ बदलत नाही, म्हणून मेंदूला तो फरक जपायची गरजच पडली नव्हती.

२. आयतं मिळालेलं लक्षातही येत नाही. ‘हळ्ळी’ म्हणजे गाव, ‘हल्ली’ म्हणजे पाल. हा फरक मात्र आल्या दिवसापासून कळला, कारण ल आणि ळ माझ्या आईच्या बोलण्यातच होते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं, की इंग्रजी घरांतल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांनाही हिंदीतले त आणि ट वेगळे कळतात. वर्षाच्या आसपास ती जाण ओसरते. पाळण्यातला कान इतका मोकळा असतो, याचं मला फार अप्रूप वाटतं.

३. मेंदू आपल्याआधी शिकतो. एकच आवाज चालू असताना मध्येच वेगळा आवाज आला, तर मेंदूतल्या विजेच्या लहरी साधारण पाव सेकंदात बदलतात, लक्ष दुसरीकडे असलं तरी. केली ट्रेम्बले, नीना क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९८ मध्ये दिसलं, की सरावानंतर हा बदल काही जणांत आधी उमटतो आणि फरक ओळखता येणं मागाहून येतं. काहीच जमत नाही असं वाटायचं, ते माझे महिने रिकामे गेले नव्हते तर! हे वाचलं त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला.

४. नियमानं नाही, माणसांनी शिकवलं. म्हातारे, पोरं, घाईतले व्यापारी. कितीतरी गळ्यांतून तो ओ ऐकला तेव्हा कुठं तो ओळखीचा झाला.

५. आजीची जागा पडदा घेऊ शकत नाही. आमच्याकडचे उदगीर, निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बिदर जिल्ह्यात होते. म्हणून इकडं अजूनही काही घरांत आजी कानडी बोलते आणि नातवंडं मराठी. पॅट्रिशिया कूल यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना चिनी ऐकवली. समोर बसून बोलणाऱ्या माणसाकडून ती चिनी आवाज ओळखायला शिकली, टीव्हीवरून नाही. म्हणून बाळ बघायला गेलो की मी सांगतो, मोबाइल बाजूला ठेवा आणि आजीला तिच्या कानडीतच बोलू द्या. देगलूर-धर्माबादकडच्या घरांत हेच तेलुगूसाठी सांगतो.