मालकबदल आणि प्रसूती रजा

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकाच्या भव्य इमारतीची पायाभरणी 1914 साली झाली, तेव्हा तेथील मार्ग 'अवध-रोहिलखंड रेल्वे' या नावाने चालत असे. 1925 साली ही रेल्वे 'ईस्ट इंडियन रेल्वे'मध्ये विलीन झाली आणि 1952 साली नव्याने स्थापन झालेल्या उत्तर रेल्वेकडे आली. रूळ तेच, फलाट तेच. पाटीवरचे नाव तेवढे बदलले. उद्योग एका हातातून दुसऱ्या हातात जातो, तेव्हा बाहेरून पाहणाऱ्याला इतकेच दिसते. परंतु त्या हातबदलात कामगाराच्या नोकरीचे काय होते? आणि कामगार स्त्री त्या वेळी प्रसूती रजेवर असेल तर? प्रस्तुत पाठात आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

समजा, चारबागजवळच्या एका हॉटेलात वीस माणसे कामाला आहेत. स्वागतकक्षात चार वर्षे लिपिकाचे काम करणारी एक स्त्री प्रसूती रजेवर जाते. रजेच्या दहाव्या आठवड्यात हॉटेल विकले जाते. ती चौकशीला जाते तेव्हा नवा मालक म्हणतो, "तुमची नेमणूक मी केलेली नाही." जुना मालक म्हणतो, "हॉटेल आता माझे राहिलेले नाही." दोघांचेही बोलणे वरवर खरे वाटते. पुढे वाचण्यापूर्वी आपण स्वतः या स्त्रीला काय सल्ला द्याल, ते वहीत लिहून ठेवा.

या कोंडीची कायदेशीर बाजू समजण्यासाठी महाराष्ट्रातील एका रेल्वेची हकीकत पाहू. मिरज, कुर्डूवाडी, बार्शी व लातूर यांना जोडणारी बार्शी लाइट रेल्वे ही खाजगी कंपनीची अरुंदमापी रेल्वे होती. 1 जानेवारी 1954 पासून सरकारने ती आपल्याकडे घेतली. तत्पूर्वी, नोव्हेंबर 1953 मध्ये, कंपनीने कामगारांना नोटिसा दिल्या की 31 डिसेंबर रोजी तुमची सेवा संपेल. बहुतेकांना सरकारने पुढे कामावर घेतले. तरीही कामगारांचे म्हणणे असे होते, की कंपनीने आमची सेवा संपवली आहे, म्हणून कामगारकपातीची भरपाई आम्हाला मिळाली पाहिजे. के. एन. जोगळेकर यांनी कामगारांच्या बाजूने हा वाद लढवला. 27 नोव्हेंबर 1956 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. चालू उद्योगातून जादा ठरलेले कामगार कमी करणे म्हणजे कपात. उद्योगच बंद पडला किंवा दुसऱ्याकडे गेला, तर ती कपात नव्हे, असे न्यायालयाने म्हटले.

कायद्यातील ही पोकळी सरकारने लगेच ओळखली. 1957 साली औद्योगिक विवाद कायद्यातील कलम 25 एफएफ बदलून नव्या स्वरूपात घालण्यात आले आणि ते निकालाच्या दुसऱ्याच दिवसापासून, म्हणजे 28 नोव्हेंबर 1956 पासून, लागू धरले गेले. ज्यांच्या लढ्यातून हे कलम आले, त्या बार्शीच्या कामगारांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही.

या कलमाचा आशय असा. उद्योगाची मालकी किंवा व्यवस्थापन बदलल्यास, किमान एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला नोटीस आणि भरपाई मिळते. भरपाई दर पूर्ण वर्षासाठी पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी असते. मात्र सेवेत खंड पडला नसेल, नव्या मालकाच्या अटी पूर्वीपेक्षा कमी हिताच्या नसतील आणि पुढे कपात झाल्यास जुनी सेवा धरून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर असेल, तर ही भरपाई देय नसते. या तिन्ही गोष्टी एकत्र असाव्या लागतात. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत हीच तरतूद आली आहे. व्यवस्थापक वर्गाला ती लागू नाही.

येथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. जुन्या कामगारांना कामावर घ्यावेच, अशी सक्ती हा कायदा खरेदीदारावर करीत नाही. अनकापल्ली येथील सहकारी संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली हे स्पष्ट केले. युरोपात 1977 सालच्या निर्देशापासून नोकरीचा करार उद्योगाबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो. त्या तुलनेत आपला कायदा तोकडा आहे.

पण आपल्या उदाहरणातील स्त्रीजवळ दुसराही आधार आहे. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्याने दिलेली बारा आठवड्यांची रजा 2017 मध्ये, पहिल्या दोन अपत्यांसाठी, सव्वीस आठवडे झाली. आता या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आहेत. प्रसूतीच्या अपेक्षित दिनांकापूर्वीच्या बारा महिन्यांत किमान ऐंशी दिवस काम झालेले असावे लागते. या रजेच्या काळात, किंवा या रजेच्या कारणाने, स्त्रीला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. रजेच्या काळात मुदत संपेल अशी नोटीस देणे आणि तिच्या सेवाशर्ती तिच्या अहिताच्या करणे हेही बेकायदेशीर आहे. मालक बदलणे हा या नियमाला अपवाद म्हणून कोठेही सांगितलेला नाही. शिवाय, कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी सुरू झालेला प्रसूती लाभ पूर्ण दिला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली डॉ. कविता यादव यांच्या खटल्यात म्हटले आहे.

तेव्हा नव्या मालकाने या स्त्रीची सेवा सलग ठेवली, तर उरलेल्या सोळा आठवड्यांची रजा व लाभ आणि नंतर पूर्वीच्याच अटींवर काम, हे तिला त्याच्याकडे मागता येते. त्याने नाकारले, तर तिची मागणी दुहेरी राहील. एक उरलेल्या लाभाची. दुसरी चार वर्षांच्या सेवेबद्दल साठ दिवसांच्या वेतनाइतक्या भरपाईची व नोटिशीच्या वेतनाची. ती राज्य विमा योजनेखाली असेल, तर रजेतील रोख रक्कम विमा महामंडळ देते. त्यासाठी मालकाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही.

हक्क सिद्ध करायचा तर कागद हवेत. नेमणूकपत्र, वेतनपावत्या, रजेचा अर्ज, प्रसूतीचा दाखला यांच्या प्रती घरी असाव्यात. विक्रीची बातमी कळताच रजा चालू असल्याचे लेखी पत्र दोन्ही मालकांना पाठवावे व पोच जपावी. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या राजीनाम्यावर सही करू नये. लखनौत घरी बसून चिकनकाम करणाऱ्या असंख्य स्त्रियांजवळ यातला एकही कागद नसतो, म्हणून हा कायदा त्यांच्या दारापर्यंत पोचत नाही. ज्यांच्याजवळ कागद आहेत, त्यांनी कामगार विभागाच्या निरीक्षकाकडे तक्रार करावी. वकील परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. 1987 च्या कायद्यानुसार स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट नाही.