खापरे निघाली तर शेत जाते का?

प्रश्न : आंबेगाव तालुक्यात घोडनदीकाठी आमचे शेत आहे. बांध सरळ करताना बरीच खापरे आणि एक कोरीव दगड निघाला. भावकीतले म्हणतात, ‘गप्प बसा, सरकारला कळले तर जमीन जाईल.’ हे खरे आहे का? आणि फुटक्या खापरांचे एवढे काय?

उत्तर : आधी जमिनीचे बोलू, कारण झोप उडते ती तिच्यामुळे. खापरे निघाली म्हणून कुणाचे शेत जात नाही. शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगीची अट, हा नियम शिवनेरी किंवा लेण्याद्रीसारख्या केंद्र-संरक्षित स्मारकांभोवती लागतो. नवी जागा संरक्षित करायची तर १९५८च्या कायद्याप्रमाणे आधी सूचना काढून हरकतींसाठी दोन महिने द्यावे लागतात. संरक्षित झाली तरी सातबारा आपोआप बदलत नाही.

अडचणीत आणते ते लपवणे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर १८७८च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवल्यास वर्षभरापर्यंत कैद होऊ शकते.

आता खापरे. तुमची घोडनदी पुढे शिरूर तालुक्यात इनामगावावरून जाते. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी वसलेले शेतकऱ्यांचे गाव उजेडात आले. त्यांची घरे, चुली, सातूचे दाणे, इतकेच काय, चार पायांच्या रांजणात पुरलेला माणूसही सापडला. अशा ठिकाणी खापराचा पोत आणि घाट पाहून काळाचा अंदाज येतो. पण ते कोणत्या थरात, कशाच्या शेजारी होते हे माहीत असले तरच. उचलून ओट्यावर मांडलेले खापर निम्म्याहून अधिक मुके होते. म्हणून पहिला साक्षीदार नांगर धरणारा असतो, तज्ज्ञ नंतर येतो.

‘हे सरकारचे काम, गावाचा काय संबंध?’ हा समजही सोडा. जुन्नरची लेणी राजांनी एकट्याने कोरवलेली नाहीत. तिथल्या शिलालेखांत धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचीही नावे येतात. वड आणि करंज लावण्यासाठी जमिनी दिल्याचे लेखही आहेत. हे घडवणाऱ्यांत असे कामकरी लोकही होते. जपण्याचा पहिला हक्कही इथल्यांचाच, असे मला मनापासून वाटते.

तेव्हा तेवढ्या भागातले खोदकाम थांबवा. दगड हलवू नका. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. गट क्रमांक आणि किती फुटांवर निघाला ते लिहून ठेवा आणि तलाठ्यांमार्फत तहसील कार्यालयाला, तसेच जिल्हाधिकाऱ्यांना व राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला लेखी कळवा. दगडावर खाली लढाई, मध्ये अप्सरा आणि वर शिवपिंडीची पूजा अशा चौकटी असतील तर तो बहुधा वीरगळ आहे, गावासाठी लढून पडलेल्या कुणा माणसाचा. त्याला ऑइलपेंट फासू नका, तारेच्या ब्रशने घासू नका. कोरलेली अक्षरे असलीच तर ती अशानेच जातात. साध्या पाण्याने माती सैल करायचीही घाई नको, आधी जाणकाराला पाहू द्या.