समाजमंदिर सगळ्यांचं करायला किती पैसे लागतात?

नगरपालिका तुमच्या प्रभागात समाजमंदिर बांधणार असेल, तर नारळ फुटायच्या आधी अंदाजपत्रक हातात घ्या. सरळ मागून मिळालं नाही, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज आणि पानाला २ रुपये. पुढचे दर मी हिशेबापुरते धरलेत. गावागणिक आणि दरसूचीप्रमाणे ते बदलतील. मापं मात्र तीच.

आधी जोतं बघा. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा जास्त नको, म्हणजे फूटभर चढायला निदान बारा फूट लांबी. दोन फुटी जोत्याला निदान २४ फूट, शिवाय खाली-वर पाच-पाच फूट सपाट जागा. आमच्याकडच्या एका सभागृहात एवढ्याच जोत्याला आठ फुटांचा रॅम्प ठोकलाय. व्हीलचेअरचं सोडा, केटररची पातेल्यांची गाडीसुद्धा दोघांनी मागून रेटावी लागते. अंदाजपत्रकात मात्र ‘रॅम्प – १ नग’ असतोच! म्हणून नग मोजू नका, लांबी मोजा. दोन्ही बाजूंचं स्टीलचं रेलिंग ४८ फूट होतं. फुटाला १,२०० रुपये धरले तर ५७,६००. पाणी शिरायची भीती नसेल आणि जोतं फुटावर आणता आलं, तर रॅम्प आणि रेलिंग, दोन्ही निम्म्यावर.

दारांचं सगळ्यात स्वस्त. उघडल्यावर मोकळी जागा ९०० मिलिमीटर लागते. तीन फुटी चौकटीत ती मिळत नाही, साडेतीन फुटी सांगा. फरक थोडक्या पैशांचा. नंतर भिंत फोडायला गेलात तर लिंटेलपासून रंगापर्यंत सगळं पुन्हा.

दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला निदान २ × २.२ मीटर, म्हणजे सुमारे ४७ चौरस फूट जागा लागते. बांधकाम २,५०० रुपये फुटाने धरलं तर १ लाख १७ हजार ५००. कमोड आणि आधाराचे दांडे वेगळे. दार बाहेर उघडणारं हवं. आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं.

खरा खड्डा लिफ्टचा. तळाला गाळे नि वर सभागृह, हा आपल्याकडचा आवडता नकाशा, कारण गाळ्यांचं भाडं येतं. त्यापायी लिफ्टचे काही लाख, दरवर्षी देखभालीचा करार, वीजबिल, आणि वीज गेली की आजी-आजोबा खालीच. सभागृह तळाला घ्या, लोकांची फारशी ये-जा नसलेल्या खोल्या वर टाका. लिफ्टची घाई राहत नाही.

‘निधी नाही’ म्हणाले, तर दिव्यांगांसाठी राखीव ५ टक्के निधीतून काय करता येईल ते विचारा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४४ तर सरळ सांगतं, की नियमांत न बसणाऱ्या नकाशाला परवानगी नाही आणि तशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखलाही नाही. कंत्राटदाराचं शेवटचं बिल निघायच्या आधी हे कलम दाखवलंत तर जास्त ऐकलं जातं.

भाड्याचंही तेव्हाच ठरवून घ्या. लग्नाला आणि बचत गटाच्या दोन तासांच्या बैठकीला एकच दर लावला, तर बायका पुन्हा कुणाच्या तरी ओसरीवरच बसणार. तासाचा वेगळा दर मागा, आणि छोट्या बैठकीला अनामत नको म्हणावं.

ताबा घ्यायच्या दिवशी व्हीलचेअर वापरणारं कुणीतरी बरोबर न्या. दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे राहणार तेही लिहून घ्या. आमच्याकडे त्यात सध्या झाडू आणि गणपतीचा मांडव आहे.