दोन कंपन्या, एकच चर

तासगाव भागातल्या बेदाणा शीतगृहांच्या ऑफिसात भिंतीवर दोन राउटर शेजारी शेजारी लावलेले बऱ्याचदा दिसतात. एक मुख्य लाइनचा, दुसरा जादाच्या लाइनचा. आमच्याकडेही तसेच होते. दोन कंपन्या, दोन बिलं. सणांच्या आधी मालाला उठाव होता, डॉकवर गाडी भरून उभी होती, आणि दोन्ही राउटरवर लाल दिवे एकदमच लागले.

रस्त्याच्या रुंदीकरणाचं काम चालू होतं आणि जेसीबीनं कडेचा चर उकरला होता. दोन्ही कंपन्यांची फायबर त्याच चरातून आलेली होती. माझ्या फोनची रेंजही त्याच वेळी गेली, कारण गावातल्या टॉवरला जाणारी केबलही तिथूनच पुढे जात होती. गाडी दिल्लीला निघायची होती. ५०,००० रुपयांवरचा माल राज्याबाहेर न्यायचा तर १ एप्रिल २०१८पासून ई-वे बिल लागतं, आणि ते काढायला नेट लागतं. व्यापाऱ्याचे दिवाणजी सारखे विचारत होते, "वहिनी, झालं का चालू?" शेवटी गाडीच्या चालकाकडे तिसऱ्याच कंपनीचं कार्ड निघालं आणि त्याला रेंज होती. त्याच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला, बिल काढलं, गाडी गेली.

गाडी गेली म्हणून विषय संपला नाही. चेंबरच्या तापमानाचा इशारा माझ्या फोनवर येतो, तोही याच नेटवरून. आत ठेवलेला बेदाणा शेतकऱ्यांची वर्षाची कमाई असते. रात्री कॉम्प्रेसर बंद पडला आणि इशारा माझ्यापर्यंत पोचलाच नाही तर काय, या विचारानं मला स्वस्थ बसू दिलं नाही. केबल जोडायला आलेल्या लाइनमनबरोबर मी त्या चराच्या कडेनं चालत गेले आणि आमची लाइन कुठून निघते, कुठून वळते, हे सगळं बघून घेतलं. ज्यांचा धंदा नेटवर अवलंबून आहे त्या प्रत्येकानं एकदा हे करावं, असं मला मनापासून वाटतं. जादाची लाइन घेताना कंपनीचं नाव वेगळं आहे का, एवढंच आपण विचारतो. विचारायचं ते हे, की तिचा रस्ता वेगळा आहे का. खेड्यापाड्यांत दोन कंपन्यांचा माल एकाच केबल ऑपरेटरकडून येणं, त्याच खांबांवरून किंवा त्याच चरातून येणं अगदी नेहमीचं आहे. ऑपरेटरला सरळ विचारा: तुमची केबल मुख्य रस्त्यानं येते की मळ्याच्या बाजूनं? खांबावरून की जमिनीतून? आणि वाटेत कुठे वीज लागणारा डबा आहे का?

हा शेवटचा प्रश्न भारनियमनाच्या काळात फार कामाचा ठरतो. आता बहुतेक ठिकाणी जी फायबर येते तिला ऑपरेटरच्या ऑफिसापासून आपल्या भिंतीपर्यंत मध्ये वीज लागत नाही. प्रकाश वाटून देणारे स्प्लिटर विजेशिवाय चालतात. पण काही जुन्या लाइनींत अजूनही कुणाच्या तरी घराच्या माळ्यावर एक स्विच बसवलेला असतो. त्या घराची वीज गेली की आपला जनरेटर चालू असूनही आपलं नेट जातं. आपल्या बाजूच्या राउटरला तर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावून टाकावाच. जनरेटर चालू होईपर्यंतची काही मिनिटं तोच सांभाळतो.

मोबाइलचं नेट हवेतून येतं, तेव्हा जेसीबीची भीती नाही, असं बहुतेकांना वाटतं. हे अर्धंच खरं आहे. आपल्या फोनपासून टॉवरपर्यंत ते हवेतून जातं. टॉवरपासून पुढे एक तर जमिनीतल्या फायबरवरून जातं, नाही तर दुसऱ्या टॉवरकडे मायक्रोवेव्हनं. टॉवरवर ढोलासारखे गोल डबे दिसतात, ते या मायक्रोवेव्हचे. चालकाचं कार्ड ज्या टॉवरवरून चाललं तो टेकडीपलीकडचा, असे डबे लावलेला होता. जादाच्या सिमकार्डासाठी कंपनी निवडताना मी आता आधी टॉवर बघते. मुख्य लाइन फायबरची असेल तर जादाचं कार्ड दुसऱ्या दिशेच्या टॉवरवरचं हवं. आणि त्या टॉवरची बॅटरी वीज गेल्यावर किती टिकते, हे तिथल्या आसपासच्या दुकानदारांना विचारलं की कळतं.

रेंज बघताना फोनवरच्या दांड्यांवर जाऊ नका. फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो, आणि तो उणे असतो. उणे ८५च्या आसपास असेल तर काम छान चालतं. उणे ११०च्या खाली गेला की पान उघडेपर्यंत वाट बघत बसावं लागतं. आमच्या ऑफिसात आणि गच्चीवर या आकड्यात मोठा फरक निघाला. कारण साधं आहे: शीतगृहाचे पफ पॅनेल म्हणजे दोन पत्र्यांमध्ये भरलेला फोम, आणि पत्रा रेडिओ लहरी अडवतो. चेंबरमध्ये तर फोन पूर्ण मुका होतो. उपाय म्हणजे सिमचा राउटर किंवा त्याचा अँटेना बाहेर उंचावर लावायचा आणि तिथून केबलनं नेट आत आणायचं.

इथे एका गोष्टीबद्दल कळकळीनं सांगते. बाजारात 'नेटवर्क बूस्टर' म्हणून एक यंत्र मिळतं. सरकारची परवानगी नसताना ते लावणं आपल्या देशात बेकायदा आहे, आणि त्यामागे कारणही आहे. ते यंत्र टॉवरच्या दिशेनं इतका गोंगाट करतं की आजूबाजूच्या लोकांचे फोन तुटायला लागतात. आपल्या ऑफिसातल्या दोन दांड्यांसाठी शेजारच्या दवाखान्याचा फोन बंद पाडायचा का? बोलण्यापुरती अडचण असेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू करा. फायबर चालू असेल तोवर पत्र्याच्या शेडमध्येही बोलता येतं.

कार्ड कुठल्या यंत्रात जाणार आहे, तेही आधी बघा. गाड्यांना लावलेले जुने ट्रॅकर, जुनी स्वाइप मशिनं, काही तापमान मोजणारी यंत्रं फक्त २जीवर चालतात. जिओचं जाळं ४जीपासूनच सुरू होतं, त्यामुळे त्यात जिओचं कार्ड चालणारच नाही. उलट, देशात ऑक्टोबर २०२२पासून ५जी आलं म्हणून जादाचा राउटर ५जीचाच हवा, असंही नाही. ५जीची बरीचशी सेवा ३३०० मेगाहर्ट्झच्या लहरींवर आहे. त्या ७०० किंवा ९००च्या लहरींइतक्या लांब जात नाहीत आणि भिंतींतूनही कमी शिरतात. कडेच्या गावात पक्कं ४जी हे अर्धवट ५जीपेक्षा भरवशाचं.

जादाची लाइन चालू झाली की एक वेगळीच अडचण समोर येते. नेट तर आहे, पण पुण्यातून कॅमेरे दिसत नाहीत, किंवा घरून ऑफिसच्या टॅलीला जोडता येत नाही. याचं मूळ पत्त्यांच्या टंचाईत आहे. इंटरनेटचे जुन्या पद्धतीचे पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटीच. म्हणून मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मिळून काही थोडे सामायिक पत्ते वापरतात. आपण आतून बाहेर जाऊ शकतो, पण बाहेरच्याला थेट आपलं दार सापडत नाही. राउटरच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानं सुरू होत असेल, तर आपण अशा सामायिक पत्त्यामागे आहोत असं समजा. अशा वेळी मुख्य लाइनवर स्थिर पत्ता असून उपयोग नसतो. कॅमेरे त्यांच्या कंपनीच्या क्लाउडवरून बघायची सोय करा किंवा व्हीपीएन लावा. आणि हे सगळं लाइन तुटायच्या आधी करून ठेवा.

सिमच्या डेटाकडेही लक्ष हवं. रोजची मर्यादा असलेलं रिचार्ज असेल, तर मर्यादा संपल्यावर बहुतेक वेळा वेग ६४ केबीपीएसवर येतो. एवढ्यावर ई-वे बिलाचं पानही धड उघडत नाही. ही मर्यादा बिलं काढून संपत नाही; ती संपते कॅमेऱ्यांमुळे आणि संगणक आपोआप घेत असलेल्या अपडेटमुळे. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा साधारण दोन ते चार एमबीपीएस खातो. जादाच्या लाइनवर कॅमेऱ्यांना आणि अपडेटना बंदी घालायची, बिलं आणि तापमानाचे इशारे तेवढे सोडायचे. ही सोय चांगल्या राउटरमध्ये असते, बसवणाऱ्याकडून ती करून घ्या.

आता आवाराच्या आतलं. साध्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर. वजनकाटा फाटकाजवळ आणि ऑफिस पार मागे असेल, तर केबल ओढत नेऊन भागत नाही. तिथे फायबर टाका. याचं दुसरं कारण वीज कोसळते तेव्हा कळतं. मे महिन्यात वळवाच्या पावसात दोन इमारतींमधल्या तांब्याच्या केबलवरून झटका आत शिरतो आणि स्विचचे पोर्ट जळतात. काचेच्या धाग्यातून वीज वाहत नाही. धातूची तार नसलेली केबल मागा, म्हणजे झटक्याला आत यायला वाटच राहत नाही.

नेट गेल्यावर सगळं बंद करून चालू करण्याआधी दोष कुठे आहे ते बघायची सवय ऑफिसातल्या प्रत्येकाला लावा. राउटरवर 'एलओएस'चा दिवा लाल असेल तर प्रकाशच येत नाही, म्हणजे केबल तुटली किंवा वाकली. आपण काही करू शकत नाही, ऑपरेटरला फोन करा. दिवा ठीक असेल तर संगणकावरून आधी राउटरला पिंग करून बघा, त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८नं सुरू होतो. तिथून उत्तर आलं नाही तर दोष आपल्याच वायफायचा किंवा केबलचा. उत्तर आलं, तर ८.८.८.८ला पिंग करा. तेही चाललं आणि तरी साइट उघडत नसेल, तर लाइन चालू आहे. नावावरून पत्ता शोधणारी सोय, म्हणजे डीएनएस, अडली आहे. एवढं सांगितलं की ऑपरेटरचा माणूसही नेमकं सामान घेऊन येतो.

महिन्यातून एकदा, मालाची गडबड नसताना, मुख्य राउटरची फायबर स्वतः काढून ठेवा. बिल निघतं का, इशारा फोनवर येतो का, कॅमेरे दिसतात का, हे बघा. वापरात नसलेल्या सिमचं रिचार्ज संपलेलं अशाच वेळी कळतं. आणि तुमच्या रस्त्यावर खणायचं काम लागलं, तर आधीच ठेकेदाराला भेटा, चर कुठे आहे ते दाखवा, स्वतःचा नंबर द्या. मार्च २०२३मध्ये सरकारनं 'कॉल बिफोर यू डिग' हे ॲप आणलं, ते खणणाऱ्यानं खणण्याआधी केबलवाल्यांना कळवावं म्हणून. खणकामात तुटणाऱ्या केबल आणि पाइपांमुळे देशाचं वर्षाला सुमारे ३,००० कोटींचं नुकसान होतं, असं सरकारनंच त्या वेळी सांगितलं होतं. ठेकेदाराला ते ॲप माहीत आहे का, हे विचारा. नसेल तर तिथेच उभं राहून त्याच्या फोनवर घालून द्या.